साहेबांचा श्वास

इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात पहाटे चारला घंटा होते, मोबाइल जमा, बोलणं बंद. शिबिराला फी नसते. आमच्या साहेबांनी प्रवासभत्त्याचं बिल मात्र लावलंच. पूर्वी ते फाइल थेट भिरकावायचे. आता आधी डोळे मिटतात, नाकपुडीपाशी श्वास न्याहाळतात आणि मग भिरकावतात. तेवढ्या वेळात समोरच्याला वाकता येतं, हा साधनेचा लाभ नाकारून चालणार नाही. ‘मी रागावलेलो नाही, रागाकडे फक्त पाहतोय,’ असं म्हणतात तेव्हा पाहत असतात अकाउंटंटकडे. मौनाचे ते दहा दिवस ऑफिसला मात्र फार मानवले. पुढच्या शिबिराचा फॉर्म शिपायानेच भरून ठेवलाय. साहेबांची फक्त सही बाकी आहे.