सामना सरला, कवित्व उरले

मँचेस्टरशी आपला काय संबंध, असं कुणी विचारलं तर उत्तर तयार असतं: इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात. एवढ्या सुताच्या आधारावर ठाणे, डोंबिवली, कोथरूड इथली कितीतरी सुशिक्षित माणसं १६ ऑगस्ट २०२४च्या रात्री टीव्हीसमोर जागत बसली होती. तिकडे शुक्रवारची संध्याकाळ, इकडे मध्यरात्र उलटून शनिवार लागलेला. इंग्लिश प्रीमियर लीगच्या नव्या हंगामाचा पहिलाच सामना, ओल्ड ट्रॅफर्डचं घरचं मैदान, समोर फुलहॅम. मँचेस्टर युनायटेड १-० अशी जिंकली.

गोल झाला ८७व्या मिनिटाला. गार्नाचोने उजवीकडून चेंडू आत दिला, बोलोन्याहून नव्याने आलेल्या झिर्कझीने त्याला हलकेच दिशा दिली आणि चेंडू जाळ्यात. आपल्याकडे तेव्हा सव्वादोन वाजून गेले होते. सासूबाई आतल्या खोलीत झोपलेल्या, टीव्हीचा आवाज शून्यावर. अशा वेळी ओरडायचं कसं? आमच्या इमारतीतल्या एका जावईबापूंनी तोंडात उशी धरून दिवाणावर गुद्दा मारला. रिमोट उडाला, मागचं झाकण निघालं आणि दोन्ही सेल शोकेसखाली घरंगळले. झिर्कझी आयुष्यातला युनायटेडसाठीचा पहिला गोल साजरा करत असताना हे गृहस्थ पालथे पडून झाडूच्या दांड्याने सेल ओढत होते. सकाळी सगळ्यांना सांगत होते, "काय गोल होता!"

खरा सामना शिट्टीनंतरच सुरू होतो. मैदानावरच्या अकरा जणांना नव्वद मिनिटांत जेमतेम एक गोल सुचला. खाली दूधवाल्याची वाट बघत उभ्या असलेल्या चौघांना सात वाजेपर्यंत अख्खा हंगाम सुचला होता.

पहिला शब्द सोसायटीच्या खजिनदारांचा. "गुण किती? तीन. शेवटी तीन गुण ते तीन गुण. असाच प्रत्येक सामना एक-शून्यने काढला, तर अडतीस सामन्यांचे झाले ११४. शंभराच्या वर तिथे आजवर कुणी गेलेलं नाही." आकडे अगदी बरोबर होते. सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचा हिशेब ज्यांच्याकडून दोन वर्षं जुळत नाही, त्यांनी युनायटेडचं विजेतेपद दुधाची पिशवी हातात येण्याआधी जुळवून दिलं.

मग डावपेचतज्ज्ञ. हा पहिल्या मजल्यावरचा भाचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, एका विषयात अडकलेला. प्रशिक्षक एरिक टेन हाग यांनी सुरुवातीला हाडाचा सेंटर फॉरवर्ड उतरवलाच नव्हता. ब्रुनो फर्नांडिस आणि मेसन माउंट यांनाच पुढे खेळवलं. झिर्कझी आला तासाभराने. ब्रुनोने समोर फक्त गोलकीपर उरलेला असताना संधी घालवल्या, त्याही साध्यासुध्या नव्हत्या. भाच्याचं म्हणणं, हे सगळं ठरवूनच होतं. आधी फुलहॅमला वाटू द्यायचं की यांना काही येत नाही, आणि मग मारायचं. "पण ब्रुनोने पहिल्याच संधीला गोल केला असता तर?" असं विचारलं. तर तोही डावच होता म्हणे.

चौथ्या मजल्यावरचे काका मात्र कधीच एकदम खूश होत नाहीत. ते प्रशिक्षक सर अॅलेक्स फर्ग्युसनच्या काळातले. १९९९ साली चॅम्पियन्स लीगच्या बार्सिलोनातल्या अंतिम सामन्यात शेरिंगहॅम आणि सोल्शार यांनी भरपाईच्या वेळेत बायर्न म्युनिकला दोन गोल मारले, तेव्हा ते जागे होते आणि अजून झोपलेले नाहीत. "तेव्हा शेवटच्या मिनिटाला गोल होणारच हे समोरच्यालाही ठाऊक असायचं," ते म्हणाले. "आता आपल्यालाच आश्चर्य वाटतं." हे त्या सकाळचं एकमेव शहाणं वाक्य. पण काकांना ते फार वेळ झेपलं नाही. लगेच म्हणाले, "तरी पण या टेन हागमध्ये फर्ग्युसनची झाक आहे हं." सर अॅलेक्स २०१३ साली विसावा लीग करंडक जिंकून देऊन निवृत्त झाले, त्यानंतर मोइज, व्हॅन हाल, मोरिन्यो, सोल्शार, रँगनिक अशी रांग लागली, आणि त्या प्रत्येकात काकांना पहिल्या निसटत्या विजयानंतर ही झाक दिसलेली आहे.

एक ठरावही झाला. गोल झाला त्या क्षणी तिसऱ्या मजल्यावरचा एक बिचारा बाथरूममध्ये होता. पुढच्या सामन्यालाही ८७व्या मिनिटाला त्याने तिथेच असावं, असं एकमताने ठरलं. पुढचा सामना ब्रायटनशी, आपल्याकडे संध्याकाळचा, चहाच्या वेळचा. त्याने ठराव तंतोतंत पाळला. ब्रायटनने ९५व्या मिनिटाला गोल करून २-१ असा सामना जिंकला. तो बाहेर लवकर आला की उशिरा, यावर वाद अजून चालू आहे.

ज्यावर वाद झालाच नाही, ते सांगतो. या सामन्याच्या तीनच महिने आधी, मे महिन्यात, आर्सेनलकडून हरल्यावर मोठा पाऊस आला आणि ओल्ड ट्रॅफर्डच्या छपरातून प्रेक्षकांच्या जागेवर अक्षरशः धबधबा कोसळला. आमच्या सोसायटीत गच्चीची गळती हा प्रत्येक वार्षिक सभेतला पहिला विषय असतो, त्यावरून सेक्रेटरीची कॉलर धरण्यापर्यंत मजल गेलेली आहे. पण ओल्ड ट्रॅफर्डचं छप्पर गळलं तेव्हा हेच सभासद म्हणाले, "१९१०ची वास्तू आहे हो, चालायचंच." १८७८ मध्ये न्यूटन हीथच्या रेल्वे कामगारांनी हा क्लब काढला, २०२४च्या जुलैत त्याच क्लबने अडीचशे जणांच्या नोकऱ्या कमी करण्याचं जाहीर केलं. त्यावर आमच्याकडची प्रतिक्रिया: "मधल्या फळीत मात्र एक माणूस हवाच." आणि ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये क्लब घेतला तो कसा? जावयाने सासऱ्याच्याच घरावर कर्ज काढून ते घर स्वतःच्या नावावर करावं आणि हप्ते सासऱ्याने भरावेत, तसा. क्लब अजून हप्ते भरतोय. पण १-०च्या सकाळी असलं काही बोलणाऱ्याला अशुभ समजतात.

माझं मत असं की संघ चार-शून्यने हरला तर फारसं बिघडत नाही. माणसं चिडतात, शिव्या देतात, प्रशिक्षक बदला म्हणतात, आणि क्वचित बदलतातही. निसटता विजय मात्र सगळ्यांना गप्प करतो. युनायटेडचंच बघा. २०२३-२४ला लीगमध्ये आठव्या नंबरावर आलेल्या टेन हाग यांचं काय करायचं, याचा खल चालू होता. मे महिन्यात त्यांनी एफए कपच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीला २-१ हरवलं आणि जुलैत त्यांचा करार २०२६पर्यंत वाढवून झाला. एका गोलाच्या फरकाने एक अख्खा विचार मागे पडला. मग ऑगस्टमध्ये फुलहॅमला १-०. "बघा, म्हटलं नव्हतं!" पुढे १ सप्टेंबरला त्याच घरच्या मैदानावर लिव्हरपूलने तीन-शून्यने धुतलं, आणि २८ ऑक्टोबरला टेन हाग गेले. त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना निरोप द्यायला क्लबला १ कोटी ४ लाख पौंड मोजावे लागले. तिकीट घेणाऱ्यांनाही सोडलं नाही. हंगाम अर्ध्यावर असताना उरलेली तिकिटं सरसकट ६६ पौंडांना काढली, मुलांना आणि पेन्शनरांना सवलत बंद. जुलैतच निरोप दिला असता तर स्वस्तात भागलं असतं, हे खजिनदारांच्या लक्षात यायला हरकत नव्हती. पण ते ११४मधून काय वजा करायचं, या हिशेबात होते.

फुलहॅमच्या चाहत्यांचं ऑगस्टच्या त्या रात्री काय झालं, हे कुणी विचारत नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांनी याच मैदानावर ९७व्या मिनिटाला गोल करून युनायटेडला हरवलेलं होतं. या वेळी हरले, लंडनला परत गेले, आणि बहुधा सोमवारी कामावर गेले. लहान क्लबचा चाहता असण्याचा हा फायदा. विजेतेपदाचं ओझं नाही, त्यामुळे मानेला आराम.

टेन हाग यांच्या जागी रुबेन अमोरिम आले, डाव बदलला, हंगाम काही सुधारला नाही. जानेवारीत फुलहॅमच्या मैदानावर युनायटेड पुन्हा १-०ने जिंकली. गोल एका बचावपटूचा, वाटेत चेंडू कुणाला तरी लागून गेलेला. आमच्याकडे पुन्हा दूध येईपर्यंत सभा भरली. मार्चमध्ये एफए कपमध्ये तेच फुलहॅम ओल्ड ट्रॅफर्डवर आले आणि पेनल्टींवर जिंकून गेले. त्या सकाळी खाली कुणी आलं नाही, दूध वॉचमनने घेतलं.

मे २०२५मध्ये तक्ता बंद झाला. युनायटेडने अडतीसपैकी अकरा सामने जिंकले, गुण ४२, नंबर पंधरावा. प्रीमियर लीग सुरू झाल्यापासूनची त्यांची सगळ्यात वाईट कामगिरी. तो तक्ता मी चौथ्या मजल्यावरच्या काकांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत पाहिला आणि म्हणाले, "पण फुलहॅमला दोन्ही वेळा हरवलं की नाही?"

हरवलं. ४२पैकी सहा गुण फुलहॅमकडूनच आले. फुलहॅमचे झाले ५४, नंबर अकरावा.