सुफेन माणसाने दुष्फेन गावी कसे नांदावे

आंबोलीत जन्मलेल्या आणि नोकरीमुळे किंवा लग्नामुळे पुण्याकडे निघालेल्या मुलामुलींसाठी ही मार्गदर्शिका लिहीत आहे. निघताना सामानात दाखले असतात, कोकमं असतात, कुळथाची पिठी असते. पाण्याबद्दल कुणी दोन शब्द सांगत नाही. आंबोलीच्या माणसाने पाण्याबद्दल आणखी काय शिकायचं, असंच सगळ्यांना वाटतं. ज्याच्या कौलांवर वर्षाला साडेसात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्याला पाणी किती हा प्रश्न माहीत असतो. पाणी कसलं, हा प्रश्न त्याला पहिल्यांदा पडतो तो पुण्याबाहेरच्या एखाद्या सोसायटीच्या चौथ्या मजल्यावर, डोक्याला साबण लावल्यानंतर.

शाळेत हा धडा होता. साबणाला भरपूर फेस येतो ते सुफेन पाणी, येत नाही ते दुष्फेन. आपण तो दोन गुणांसाठी पाठ केला आणि उंट, हिमनग वगैरे आपल्या वाट्याला न येणाऱ्या गोष्टींच्या शेजारी ठेवून दिला. आता तो उंट तुमच्या न्हाणीघरात उभा आहे.

त्याचं कुळ समजून घ्या. आपल्याकडे पायाखाली जांभा. लाखो वर्षांच्या पावसाने त्या खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम केव्हाच धुऊन नेलं. उरलं ते लोखंड आणि अॅल्युमिनियम, म्हणून तो तांबडा. पाण्याने न्यावं असं त्यात काही राहिलेलंच नाही. घाटावर काळा बेसॉल्ट. तिथे पाऊस बेताचा, बोअर खोल, आणि खडकाच्या भेगांत वर्षानुवर्षं मुक्काम केलेलं पाणी वर येताना खडकाचा थोडा भाग बरोबर घेऊन येतं. आपली हिरण्यकेशीसुद्धा आंबोलीत उगवते, पश्चिमेचा समुद्र इतका जवळ असून त्याच्याकडे पाठ फिरवते आणि आजरा, गडहिंग्लज करत घटप्रभेला मिळते. चाकरमानी मुंबईला गेले, नदी घाटावर गेली. तेव्हा तुम्ही काही पहिले नाही.

आता अंघोळ. नवख्याची चूक अशी, की फेस येत नाही म्हणून तो आणखी साबण लावतो. दुष्फेन पाण्यात साबणाचा पहिला हप्ता कॅल्शियमकडे जातो. दोघांचा मिळून नासक्या दुधासारखा साका होतो आणि तो बादलीच्या कडेला, केसांत, टॉवेलात जाऊन बसतो. कॅल्शियमचं पोट भरल्यावर उरलेल्या साबणावर तुमचा हक्क. माझी आई पहिल्यांदा पुण्याला आली तेव्हा न्हाणीघरातून तिचा आवाज आला, "अरे, साबण खंय गेलो?" नवी वडी होती. योग्य रीत अशी, की अंगाला रिठा किंवा शिकेकाई लावावी, कपड्यांना पावडर वापरावी, आणि फेस ही माहेरची आठवण समजून गप्प राहावं.

डाळीकडे जरा सावकाश वळू, कारण संसार इथे मोडतात. तूरडाळ कुकरमध्ये चार शिट्ट्यांनी शिजत नाही, सहांनी शिजत नाही. आठव्या शिट्टीला दाणा वरून मऊ लागतो आणि आतून टणक. काळ्या वाटाण्याचं तर विचारूच नका. यात सूनबाईंचा दोष नसतो, डाळ जुनी असेलच असंही नाही. दाण्याच्या पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन पाण्यातल्या कॅल्शियमशी हातमिळवणी करून घट्ट होतं आणि शिजायला नकार देतं. आईने वरणाचा चमचा ताटात उलटा करून पाहिला आणि निकाल दिला, "डाळ शिजली नाय, नुसती न्हाली."

उपाय दोन. पहिला, चिमूटभर खाण्याचा सोडा. डाळ गळते, पण जास्त पडला तर वरणाला साबणाची चव येते, म्हणजे हरवलेला साबण असा सापडतो. दुसरा मला अधिक पसंत आहे. पाणी खळखळून उकळावं, झाकून रात्रभर ठेवावं, सकाळी वरचं निवळ पाणी काढून त्यात डाळ शिजवावी. तळाला पांढरी खर बसलेली दिसेल. तात्पुरता कठीणपणा म्हणतात तो हा. तो बायकार्बोनेटचा असतो आणि उकळल्यावर खाली बसतो. सल्फेट, क्लोराइडवाला कायमचा कठीणपणा मात्र उकळून जात नाही. माणसांतही हे दोन प्रकार असतात, पण तो विषय या मार्गदर्शिकेच्या बाहेरचा.

गीझर दर दीड-दोन वर्षांनी जातो असं धरून चाला. कॉइलवर क्षारांचं कवच चढतं, उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, बिल वाढतं आणि शेवटी कॉइल जळते. नळाच्या तोंडाची जाळी, शॉवरची भोकं यांवर रात्रभर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं बांधावं. सकाळी खर सुटते. अॅसिडची बाटली आणणाऱ्या शूरांना एवढंच सांगणं, की तिच्याबरोबर ब्लीचिंग पावडर कधीही वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि इथे मी विनोद करत नाही.

मग एके दिवशी दारात मशीनवाला येतो. तो दोन सळ्यांचं एक यंत्र तुमच्या पाण्यात बुडवतो, प्लग लावतो, आणि मिनिटभरात ग्लासातलं पाणी विटकरी गढूळ होतं. "हे तुम्ही पिता," असं म्हणून तो तुमच्या मुलांकडे करुणेने पाहतो. गढूळ झालेली असते ती त्याची लोखंडी सळी. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि सळी झिजते, एवढाच तो खेळ. आमच्याकडे तो आला तेव्हा आई होती. एसटीतून मांडीवर धरून आणलेल्या कॅनमधलं पाणी तिने त्याच्यापुढे ठेवलं. सळ्या बुडाल्या, प्लग लागला, पाणी तसंच. त्याने अदबीने विचारलं, "कुठल्या कंपनीचं मशीन आहे, आजी?" आई म्हणाली, "हिरण्यकेशीचा." त्याने ते वहीत लिहून घेतलं आणि वॉरंटी किती वर्षांची म्हणून विचारलं.

या पाण्याने आपण मरत नाही, हेही लक्षात ठेवा. भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. आपली सोसायटी या 'चालवून घ्यावा' मध्येच राहते.

तरीही सोसायटीची सभा भरतेच, आणि गच्चीवर सॉफ्टनर बसवायचा ठराव येतो. त्या यंत्रात रेझिनचे मणी असतात. ते पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुवायचे. म्हणजे महिन्याला मिठाच्या गोणी. १९३० साली आपल्याच भागातल्या शिरोड्याला लोकांनी मिठासाठी सत्याग्रह केला. मी त्याच भागातला माणूस, मिठाच्या गोणीचा खर्च तळमजल्याने द्यावा की नाही यावर तीन तास बोलत होतो. ठराव बहुमताने पुढच्या सभेत ढकलण्यात आला.

शेवटचा धोका उलट बाजूचा आहे आणि त्याची सूचना मला कुणी दिली नव्हती. चार-पाच वर्षं झाली की तुम्ही गणपतीला गावी जाता, सवयीने वडी घसाघसा लावता, आणि साबण अंगावरून जातच नाही. तांब्यामागून तांबे ओतले तरी अंग बुळबुळीत. मी आतून ओरडलो, "पाण्यात काहीतरी आहे!" बाहेर आई आणि शेजारची काकू बराच वेळ हसत होत्या. पाण्यात काही नव्हतं, हीच तर अडचण.

तेव्हा आंबोलीत असेपर्यंत वडी हळू फिरवा. सुट्टी संपवून परतताना पाच लिटरचा कॅन भरून घ्या. दोन वेळच्या वरणाला पुरतो. बूच घट्ट लावा आणि कॅन मांडीवरच धरा. घाटातल्या वळणांवर तो आडवा झाला आणि पाणी पुढच्या माणसाच्या बॅगेत गेलं, तर ते सुफेन होतं हे कंडक्टर ऐकून घेत नाही.