नळाला वाइन आली

नानाकाकांना कुठल्याही गावात न्या, त्यांची पहिली नजर पाण्याच्या टाकीवर जाते. सारी नोकरी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात गेली, त्याला इलाज नाही. रोमला लेकीकडे आल्यावर त्यांनी कोलोसियम ‘बरं आहे’ म्हणून निकालात काढलं. प्राचीन जलवाहिन्यांच्या कमानींपुढे मात्र हात जोडून उभे राहिले. ‘पंप नाही, वीज नाही, नुसत्या उतारावर पाणी!’ काकू म्हणाल्या, ‘चला आता, प्रदक्षिणा घालू नका.’

अशा माणसाला मारिनोला न्यायची कल्पना त्यांच्या लेकीची. रोमच्या आग्नेयेला आल्बानच्या टेकड्या आहेत, कधीकाळच्या ज्वालामुखीच्या. एका विवरात आल्बानो तळं साठलंय आणि वरच्या कडेला मारिनो गाव बसलंय. खाली उतारावर द्राक्षमळे. तेर्मिनी स्थानकावरून थेट आगगाडी. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी इथे ‘साग्रा देल्लूव्हा’, म्हणजे द्राक्षांची जत्रा भरते आणि त्या दिवशी चौकातल्या कारंज्यातून पाण्याऐवजी वाइन वाहते. ही शेवटची गोष्ट लेकीने गाडीत बसेपर्यंत लपवून ठेवली होती, कारण नानांनी आयुष्यात कधी थेंबाला स्पर्श केलेला नव्हता.

‘वाइन? कारंज्यातून?’ नाना क्षणभर गप्प झाले. मग त्यांनी विचारलं, ‘लाइन किती इंची?’

गावात शिरलो तर पाय ठेवायला जागा नाही. करड्या दगडाची घरं, बाल्कन्यांवरून लोंबणारे द्राक्षांचे घड आणि खाली माणसांचा पूर. एका टपरीवर पोर्केत्ता, म्हणजे अख्खं डुक्कर हाडं काढून, पोटात लसूण, मिरी नि रोझमेरी भरून खरपूस भाजलेलं. विक्रेता त्याचे गोल काप काढत होता आणि वरची साल कडाकडा मोडत होती. मुंडकं शेजारीच, गिऱ्हाइकांकडे बघत. काकूंनी त्याच्याकडे पाठ केली आणि द्राक्षाच्या रसात मळलेल्या पिठाच्या कड्यांकडे मोर्चा वळवला. ‘हे निदान आपल्याकडे बघत तरी नाही,’ म्हणाल्या.

जत्रा 1925 सालची; रोमन बोलीत लिहिणाऱ्या लिओने चिप्रेल्ली या कवीने सुरू केलेली. पण तिची मुळं जुन्या लढाईत आहेत. 7 ऑक्टोबर 1571 रोजी लेपांतोच्या समुद्रात ख्रिस्ती आरमाराने तुर्की आरमाराचा पराभव केला. पोपच्या जहाजांचा सेनापती मार्कान्तोनिओ कोलोन्ना, आणि मारिनो ही त्याच्या घराण्याची जहागीर. म्हणून सकाळी माउलीची, म्हणजे मेरीची मिरवणूक आणि नंतर मखमली अंगरख्यांतली सेनापतीची स्वारी. आमच्या शेजारीच एक सरदार तलवार सांभाळत मोबाइलवर आईला पार्किंग कुठे मिळेल ते समजावत होता. कारंज्यावर मात्र त्या विजयाची दुसरी बाजू आहे: खांबाला जखडलेले चार मूर कैदी. जिंकलेल्यांची दर वर्षी स्वारी निघते. हरलेले दगडात उभे, आणि त्यांच्या पायाशी फुकटची वाइन.

स्वारी संपली, टाळ्या झाल्या आणि वाइन आली. फिकट पिवळी, मारिनोची पांढरी वाइन. त्यासरशी गर्दी अशी उसळली, की मला पाण्याच्या टँकरवर धावणारी आपली गल्ली आठवली. फरक इतकाच, की इथे कळशीऐवजी प्लास्टिकचे पेले होते आणि भांडणाऐवजी गाणी. तरी फुकट ते पौष्टिक हा नियम इथेही लागू आहे: एक आजीबाई पाच लिटरचा कॅन घेऊन आल्या होत्या.

मग नानांच्या लेकीने 2008 ची हकिकत सांगितली. त्या वर्षी नळजोडणीत घोळ झाला. कारंज्याला पाणी आलं आणि आसपासच्या काही घरांत स्वयंपाकघरातल्या नळाला वाइन!

नानांचा चेहरा उजळला. ‘क्रॉस कनेक्शन!’ एखाद्या वैद्याला दुर्मीळ रोगी सापडावा तसा तो स्वर होता. ‘आमच्याकडे गटाराचं व्हायचं. लोक बाटलीत पाणी भरून थेट टेबलावर आणून आपटायचे. इथे किती तक्रारी आल्या?’

‘नाना, तक्रार कोण करेल? लोकांनी भांडी भरून घेतली असतील.’

‘म्हणजे दुरुस्तीला गेलेल्या माणसाला शिव्याच पडल्या असणार,’ नाना हळहळले. त्या अज्ञात प्लंबरबद्दल त्यांना बंधुभावाचा जिव्हाळा वाटला.

त्यानंतर ते कारंज्याला वळसा घालून मागे गेले. तोटीची उंची, धारेचा जोर, सांडपाणी कुठे जातं, सगळं बघून झालं. आणि मग, काकूंचं लक्ष कड्यांच्या टपरीवर आहे याची खात्री करून, त्यांनी एक पेला पुढे केला.

‘नाना!’

‘पीत नाहीये. नमुना घेतोय.’

नमुन्याचं शास्त्र त्यांनी मला समजावून सांगितलं. एकाच जागेचा नमुना ग्राह्य धरत नाहीत. एक उगमाशी, एक मधल्या टप्प्यावर आणि एक लाइनच्या शेवटच्या टोकाला घ्यावा लागतो. शास्त्राप्रमाणे तिन्ही घेतले. तिसरा भरताना त्यांनी शेजारच्या सरदाराच्या खांद्यावर हात टाकला होता आणि दोघंही आपापल्या भाषेत पाण्याच्या दाबाबद्दल बोलत होते.

अहवाल तोंडीच मिळाला. ‘प्रेशर कमी आहे, पण वितरण समाधानकारक. आणि मुख्य म्हणजे, क्लोरीनचा वास अजिबात नाही.’

तेवढ्यात काकू पिशवी घेऊन आल्या. नानांकडे, पेल्याकडे आणि त्या सरदाराकडे बघून म्हणाल्या, ‘नमुने गोळा करायला पाठवलं होतं कुणी? घरी एक आहे तो पुरे.’