खुर्चीतले गिर्यारोहक

कर्जतला, दहिवलीत, आमच्या गल्लीच्या तोंडाशी नाना राहतात. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून ते डोंगर चढतात, पण खुर्चीत बसून. कोथळीगडाचं पान उघडण्याआधी पायात बूट, नाड्या करकचून, शेजारी पाण्याची बाटली. सुळक्याच्या पोटात कोरलेला जिना आला की वाचता वाचता धाप लागते. मग आत माईंना हाक जाते, “अगं, लिंबू सरबत!” खरा कोथळीगड आंबिवलीहून सकाळी निघालं तर दुपारी परतण्याजोगा. पण नाना कशाला जातील? “पुस्तकात इत्थंभूत आहे,” म्हणतात.

कपाटात पाळंद्यांची ‘डोंगरयात्रा’, गोनीदांचं ‘जैत रे जैत’, चापेकरांचं सह्याद्रीतल्या ठाकरांवरचं 1960 सालचं इंग्रजी पुस्तक. खालच्या कप्प्यात अमेरिकेच्या माळरानातल्या लकोटा आदिवासींवरचं पुस्तक. सगळ्यांना जुन्या कॅलेंडरची कव्हरं. पुस्तक मागायला गेलेल्याला चहा मिळतो, पुस्तक नाही.

मिळतं ते भाषण. “लकोटांचे काळे डोंगर. 1868 चा तह म्हणतो, डोंगर तुमचेच. 1874 ला तिथे सोनं सापडलं, झालं, तह गेला चुलीत! आपल्याकडे 1850 ला ठाण्याचा कलेक्टर मॅलेट चौकहून माथेरानवर चढला. त्याला काय सापडलं? थंड हवा. तिथले ठाकर-कातकरी काय आधी घाम गाळत बसले होते? आणि आता कर्जत-खालापुरात बिल्डरला व्ह्यू सापडलाय.”

नानांना अडवणारं माणूस एकच. मृगाच्या सुमाराला शेवळं ही रानभाजी घेऊन येणारी ठाकरीण. गेल्या वर्षी शेवळांच्या जुडीबरोबर ती काकडाची मूठभर फळं देऊ लागली. “ही टाका भाजीत, नायतर घसा खाजंल.” नानांना वाटलं, बाई जास्तीचा माल गळ्यात मारतेय. “पुस्तकात काकडांचा उल्लेख नाही,” ते म्हणाले. काकडं परत गेली, भाजी शिजली. संध्याकाळपर्यंत नानांचा घसा असा धरला की दोन दिवस गल्लीने शांततेत पेपर वाचला. माईंनी मुकाट्याने आमसुलाचं पाणी दिलं. तिसऱ्या दिवशी त्या पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने एकच शब्द उमटला : ‘काकडं!!’

यंदा तिची पाटी दिसताच नाना पेन्सिल घेऊन ओट्यावर. आधी काकडं घेतली, मग शेवळं. उपकाराची फेड म्हणून खालच्या कप्प्यातलं पुस्तक चक्क उंबऱ्याबाहेर आणलं आणि तिला काळ्या डोंगरांचा फोटो दाखवला. तह, सोनं, 1876 ची लढाई, सगळं झालं. ती पाटीवरच्या माश्या वारत ऐकत होती.

“मग डोंगर मिळाला का परत?”

“नाही. 1980 ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने पैसे देऊ केले, कोट्यवधी डॉलर. लकोटांनी हात लावला नाही. म्हणाले, डोंगर विकायचाच नव्हता.”

ती पहिल्यांदा फोटोकडे नीट वाकली. “शहाणी माणसं हायेत.” मग चुंबळ डोक्यावर ठेवत म्हणाली, “बाबा, शेवळं मात्र विकायचीच हायेत. तीस रुपये काढा.”

नानांनी चाळीस दिले. समासात काय लिहिलं, ते कळायला मार्ग नाही. पुस्तक बाहेर जात नाही.