तीन चाकं, दहा किलो तांदूळ आणि ताम्हिणी

सहा-सात महिन्यांचं बाळ पदरात असलेल्या बाईनं काय काय करावं, याची आमच्या आईकडे तोंडपाठ यादी आहे. तीत पळणं नाही. त्यामुळे भाचेबुवांचं उष्टावण झालं त्या दिवशी ताईनं जेव्हा जाहीर केलं की आपण पुन्हा पळायला सुरुवात करणार, आणि तेही बाळाला गाडीत घालून ती गाडी ढकलत, तेव्हा आई खीर ढवळता ढवळता एवढंच म्हणाली, "वर्षभर थांब. ते पळायला लागलं की तू आपोआप पळशील."

ताई थांबणाऱ्यांतली नाही. ती आणि दाजी दोघंही हिंजवडीत कामाला, राहायला माणला, अठराव्या मजल्यावर. हा सगळा भाग मुळशी तालुक्यात येतो. पण आयटी पार्कातल्या माणसाला आपण मुळशीकर झालो हे बहुधा तेव्हाच कळतं, जेव्हा तहसील कचेरीचं काम निघतं आणि पौडला जावं लागतं. अशा घरात एक्सेलशिवाय झारासुद्धा विकत घेतला जात नाही. ताईच्या तक्त्यात पळण्याच्या बाबागाड्या उभ्या मांडल्या होत्या आणि त्यांचे गुण आडवे: चाकाचा व्यास, सस्पेन्शन, हातब्रेक, घडी, वजन, किंमत. पावसाच्या कव्हरला वेगळे गुण होते. रस्त्याचा रकाना मात्र नव्हता. ज्यांनी या गाड्या घडवल्या त्यांना रस्ता गृहीत धरता येतो, हे त्यांचं नशीब.

पुण्यातल्या एका मोठ्या दुकानात आम्ही आधी जाऊन आलो होतो. तिथल्या पोरानं 'सर्व प्रकारच्या रस्त्यांसाठी' असलेली चार चाकांची गाडी चकचकीत फरशीवर दोन बोटांनी ढकलून दाखवली. ती सुळकन गेली ती थेट डायपरच्या ढिगापर्यंत. "बाहेर रस्त्यावर एक चक्कर मारून बघू?" असं ताईनं विचारल्यावर पोराचा चेहरा पडला. "मॅडम, चाकं मळतील ना." सर्व प्रकारचे रस्ते तिथंच संपले.

मग उसनवारी झाली. शेजारच्या काकूंनी त्यांच्या नातीची छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी दिली. दुसरी ताईच्या वन्संनी अमेरिकेहून येताना आणलेली, खास पळण्याची, तीन चाकांची: मागं सोळा इंची दोन, पुढं बारा इंची एक, तिन्हींत हवा. वजनाला ती भाचेबुवांपेक्षा भारी. दिवाळीनंतरच्या एका रविवारी पहाटे आम्ही दोन्ही गाड्या घेऊन ताम्हिणीच्या वाटेला लागलो. अमेरिकन गाडी चाकं काढल्याशिवाय डिकीत मावत नव्हती. ती चाकं एका चिमट्यासरशी निघत. हा चिमटा लक्षात ठेवावा, पुढं त्यानं माझा घात केला आहे.

एक अडचण राहिलीच होती. बाळाची मान नीट धरत नाही तोवर त्याला गाडीत घालून पळू नये. डॉक्टर किमान सहा महिने सांगतात, आणि कित्येक कंपन्यांच्या पुस्तिकेत आठ. आमच्या डॉक्टरीणबाईंनी आठवा पुरा होऊ द्या असं बजावलं होतं आणि भाचेबुवा अजून काठावर होते. म्हणजे परीक्षेला मूल नाही. त्यावर दाजींनी तोडगा काढला. घोटावडे फाट्यावरून इंद्रायणी तांदळाची दहा किलोची पिशवी घेतली. बाळ आठ किलोचं, वरचे दोन किलो पुढच्या वर्षासाठी. पिशवीला गाडीत बसवून खांद्यावरून, कमरेवरून आणि पायांमधून आलेला पट्टा पाचही ठिकाणी अडकवला. आईनं आपली कुंची काढून तिच्या डोक्यावर घातली. "ऊन लागेल," ती म्हणाली. कोणाला, ते तिनं सांगितलं नाही.

पहिला मान छत्रीगाडीचा. तिचा कर्ता ओवेन मॅक्लॅरन हा विमानांचा इंजिनिअर. स्पिटफायर लढाऊ विमानाच्या उतरण्याच्या चाकांवर त्यानं काम केलेलं. लेक मॉस्कोहून नातीला घेऊन आली तेव्हा तिची अवजड गाडी बघून या आजोबांनी १९६५ साली ॲल्युमिनियमची, मिटली की काखेत मारता येईल अशी गाडी तयार केली. विमानतळावर तिला तोड नाही. पण घोटावड्याच्या बाजूला रस्त्याकडेच्या खडीत ताई हिला घेऊन पळू लागली आणि कपाएवढी चाकं चार दिशांना चार मतं मांडू लागली. पुढं शेणाचा पो होता. चाक त्यात रुतलं, गाडी जागेवर थांबली, ताई थांबली नाही, आणि तांदूळ पट्ट्यात लोंबकळत पुढं वाकून रस्ता बघू लागला.

तेवढ्यात शेळ्यांचा कळप आला. मागच्या आजोबांनी काठीवर हनुवटी टेकून सगळा प्रकार पाहिला. दाजींना ज्ञान वाटण्याची हौस. त्यांनी सांगितलं की १७३३ साली विल्यम केंट नावाच्या इंग्रज रचनाकारानं डेव्हनशरच्या ड्यूकच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची गाडी केली होती आणि ती ओढायला शेळी नाहीतर छोटं तट्टू जुंपायचे.

"शेळी ओढंल की," आजोबा म्हणाले. "पर मधीच चरायला थांबंल. मंग तुमी काय करनार?"

याचं उत्तर केंटनंही दिलेलं नसावं.

तीनचाकी जोडली तेव्हा मात्र ताईच्या चालण्यातच फरक पडला. या जातीचा जन्म १९८०च्या दशकाच्या सुरुवातीचा. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा गावी फिल बेक्लर या पळण्याची चटक लागलेल्या बापानं बाबागाडीला सायकलची चाकं लावून पाहिली आणि पुढं त्याचा धंदाच झाला. तीन चाकांचं गणित साधं आहे. जमीन कितीही वेडीवाकडी असो, तिन्ही एकदम टेकतात. चार असली की एक कायम हवेत आणि त्याची वाट बघत बाकीची तीन खडखडतात.

ते गणित पौडच्या अलीकडे बाभळीच्या काट्यावर आलं. पुढचं चाक फुस्स झालं.

पौडला सायकलवाल्यानं चाक हातात घेऊन लगेच परत दिलं. त्याच्या पंपाचं तोंड बसेना. आपल्या साध्या सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह वेगळा. या गाडीला मोटरसायकलला असतो तसा. त्यामुळे बाळाचं वाहन टू-व्हीलरच्या पंक्चरवाल्याकडे गेलं. त्यानं ट्यूब काढली, पाण्याच्या घमेल्यात धरली, बुडबुडा पकडला, कानस मारली, ठिगळ लावलं. हे सगळं करताना त्याला एकही प्रश्न पडला नाही. हवा भरताना मात्र पडला.

"पुढं किती, मागं किती? डबलशीट हाय का?"

"सिंगल," दाजी म्हणाले. टायरवर लिहिलेलं वाचून त्यांनी तीस सांगितलं.

"तीस? म्हंजे पल्सरएवढं." त्यानं गाडीकडे नव्या आदरानं पाहिलं. मग त्याची नजर त्या चिमट्यावर गेली. "हे काय, नुसत्या चापावर चाक? ल्हान लेकरू बसनार न्हवं ह्यात?" आणि कोणी काही बोलायच्या आत त्यानं चाप काढून आपल्या डब्यातला नट चढवला, खाली वायसर घातला आणि दोन्ही हातांनी पाना ओढला. "आता जन्मात सुटायचं न्हाय." ठिगळाचे पैसे घेतले. नटाचे घेतले नाहीत.

पौड सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची कापणी चालली होती. खाचरांत भारे रचलेले, हवेला ओल्या पेंढ्याचा वास. पुढं मुळशीचं पाणी दिसू लागलं. टाटांच्या या धरणाविरुद्ध मुळशी पेट्यातल्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह उभारला. त्याचं पुढारीपण करणारे पांडुरंग महादेव बापट इथूनच 'सेनापती' झाले. धरण झालंच. गावं आणि खाचरं पाण्याखाली गेली, आणि पाणी डोंगरातून पलीकडं भिऱ्याला उतरून मुंबईसाठी वीज करू लागलं. आता काठावर रिसॉर्टांच्या पाट्या आहेत आणि त्यांवर 'लेक व्ह्यू'चे दर आहेत. त्या पाट्या वाचताना दाजींचं ज्ञानवाटप थोडा वेळ बंद होतं, याची नोंद घ्यायला हवी.

पाण्याच्या कडेनं एक बरा, सपाट, सावलीचा तुकडा सापडला. इथं ताईनं पहिला खरा पल्ला मारला. मंडईत हिंडताना पुढचं चाक गरगर वळणारं लागतं. पळताना तेच चाक खड्यावर आडवं झालं तर गाडी उलटते. म्हणून आधी खीळ घालून ते सरळ जखडायचं. मग वळायचं असेल तर मुठीवर भार देऊन पुढचं चाक उचलायचं आणि गाडी फिरवायची. दोन्ही हात मुठीवर ठेवले तर पावलं आखूड पडतात, म्हणून एक हात गाडीवर, एक मोकळा, आलटूनपालटून. हे सारं ताईला पुस्तिकेतून पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं आणि समोरून म्हैस येणं वेगळं. म्हैस रस्त्याच्या मधून चालत होती, कुंचीकडे बघून तिनं एकदा फुत्कार सोडला आणि बाजूला झाली. मागून आलेल्या चारचाकीनं तेवढंही केलं नाही. लांबलचक भोंगा वाजवून ती ताईला खडीत उतरवून निघून गेली. रविवारी पुण्याहून ताम्हिणीला 'निसर्गात' जाणाऱ्यांना फार घाई असते.

ताम्हिणीत २०२४च्या जुलैत एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. पुण्यात तेवढा पडायला बहुतेक सगळा पावसाळा लागतो. एवढं पाणी अंगावरून गेलेल्या रस्त्याला बाबागाडीनं काही विचारू नये. पण दाजींना उतार तपासायचा होता. आईनं नको म्हटलं, ताईनं नको म्हटलं, पुस्तिकेनंही नको म्हटलेलं होतं. दाजींनी मनगटाला सुरक्षेचा पट्टा बांधला, वाहनं गेल्याची खात्री केली आणि कोकणाच्या दिशेनं पहिलं पाऊल टाकलं.

दुसरं पाऊल गाडीनं टाकलं. तिसऱ्यापासून कोण कोणाला नेतंय हे सांगणं अवघड झालं. त्या पट्ट्याचं काम गाडी हातची सुटू नये हे. माणूस सुटू नये, अशी सोयही त्यात आपोआप होते हे पुस्तिकेत नव्हतं. शेवटी त्यांना हातब्रेक आठवला. गाडी थांबली, तांदूळ जागच्या जागी, दाजी अर्धे गाडीवर.

"पलीकडंच रायगड आहे," आई शांतपणे म्हणाली. "हिरकणी लेकरासाठी रात्रीची कडा उतरली म्हणतात. तिच्या हाताला पट्टा नव्हता."

चहाच्या टपरीपाशी आम्ही टेकलो. भाचेबुवा माझ्या कडेवर, तांदूळ गाडीत, गाडी पार्किंग ब्रेकवर. माकडं ताम्हिणीत नवी नाहीत. पण कुंची घातलेला तांदूळ त्यांना नवा होता. एक थोराड माकड आलं, मुठीवर बसलं आणि त्यानं आधी कुंची काढून स्वतःच्या डोक्यावर ठेवून पाहिली. मग ते पट्ट्याकडे वळलं. मधली कळ दाबून, ओढून, चावून पाहिली. पाचपैकी एकही टोक सुटलं नाही. ताई भीतीनं नव्हे, अभिमानानं बघत होती. "बकल दहापैकी दहा," ती पुटपुटली. तेव्हा माकडानं पट्ट्याचा नाद सोडला आणि पिशवीच वरून फाडली. पुढची काही मिनिटं इंद्रायणीचा सडा आणि त्यात सगळं कुटुंब, त्यांचं. टपरीवाल्या मावशी हसता हसता म्हणाल्या, "न्या आता ती रिकामी गाडी. बाळ त्यांनी ठिऊन घेतलं."

परीक्षेचा निकाल तिथंच लागला. गाडी तीनचाकीच. प्रश्न माणचा राहिला. तिथल्या फूटपाथवर आधी खोका, मग खांब, मग दुचाकी, मग खोदकाम. अठराव्या मजल्यावरून उतरून तिथं ती पळवायची म्हणजे दर पन्नास पावलांना उचलायची. ताईनं फोनवरच एक्सेल उघडलं, 'रस्ता' असा रकाना घातला आणि त्यात एकच नोंद केली: मुळशीच्या पाण्याकडेचा तुकडा, रविवारी, उजाडायच्या आत, रिसॉर्टवाले झोपेत असताना. बाकी दिवशी ती एकटी पळेल आणि बाळ दाजी सांभाळतील. दाजींना विचारलं नव्हतं. ते मनगट चोळत होते.

परतायला निघालो तेव्हा तीनचाकी मिटली, पण पुढचं चाक निघेना. दाजींनी जोर लावला, मी लावला, शेवटी टपरीवरच्या एका ट्रकवाल्यानं लावला. पौडचा नट दिल्या शब्दाला जागला. चाकासकट गाडी डिकीत मावेना, म्हणून मागच्या सीटचा एक भाग आडवा करावा लागला. उरलेल्या भागात बाळाची सीट आणि ताई. पुढं आई आणि दाजी. ताईनं माझ्याकडे पाहिलं आणि छत्रीगाडी माझ्या काखेत दिली.

कोकणातून वर आलेली एसटी मिळाली, बसायला मात्र नाही. मी दांडा धरून उभा, दुसऱ्या हातात बाबागाडी, तिच्या चाकांना शेण. समोरच्या आजी बराच वेळ गाडीकडे आणि माझ्याकडे बघत होत्या.

"लेकरू कुठाय?"

"ते कारनं गेलं."