चाक घेताना : महाळुंग्यातल्या बापांसाठी मार्गदर्शिका

मूल सात वर्षांचं. सुट्टीच्या शिबिरात एकदा मातीत हात घालून आलं आणि आता त्याला कुंभाराचं चाक हवंय. निवडणार मात्र कारखान्यात राबणारा बाप, आणि तोही मोटर बघून. म्हणून ही मार्गदर्शिका बापांसाठी. (मूल सहाच्या आतलं असेल तर चाक घेऊच नका. मातीचा गोळा आणि पाट द्या, दुपार निघते.)

आधी ऑनलाइन मिळणारं खेळणं. प्लॅस्टिकचं, सेलवरचं, सोबत रंगाच्या डब्या. गोळा ठेवून अंगठा दाबला की चाक थांबतं आणि मूल तुमच्याकडे बघतं. वेग कुणीही देतो हो. संथ फिरताना दाब पडला तरी न अडखळणं ही खरी परीक्षा. दुकानात चाक हळू फिरवायला सांगा आणि तळहात मधोमध दाबा. टॉर्क म्हणजे काय, हे दुकानदाराला समजावत बसू नका.

मग हमखास कुणीतरी म्हणतं, "आपल्या शेडमध्ये मोटर पडलीय, पुली बसवून देतो." साधी मोटर मिनिटाला १४४० च्या आसपास फेरे घेते. एकास सहाची पुली लावली की २४०. कागदावर हिशोब चोख. पण हा वेग गोळा मध्यावर आणण्यापुरता. माती वर ओढताना तो निम्म्यावर यायला हवा, काठ जमवताना त्याहून खाली. पायात पेडल नसेल तर तांबडा राडा भिंतीवर, पडद्यावर आणि इस्त्रीच्या कपड्यांवर. ड्राइव्ह बसवता येईल, अर्थिंग करता येईल, मोटरवर पाणी जाऊ नये म्हणून झाकणही ठोकता येईल. तोवर मूल दहावीला. तयारच घ्या : पेडलचं, दोन्ही दिशांना फिरणारं, पाण्याचं ताट सुटं निघणारं. स्टूल मुलाच्या उंचीचं घ्या. बापाचे गुडघे त्यात मावत नाहीत, हा वरचा फायदा.

गुरुवारी लाईट गेली तर? कुंभाराला हा प्रश्न कधी पडला नाही. जड चाकाच्या कडेजवळच्या खाचेत दांडा घालून ते गरगर फिरवायचं, दांडा बाजूला ठेवायचा आणि साठलेल्या गतीवर मडकं उठवायचं. वजन कडेला जितकं जास्त, तितका फेर टिकतो. तुमच्या पॉवर प्रेसचं फ्लायव्हील याच तत्त्वावर चालतं. अर्थात खांदे कुंभाराचेच जातात. खादी आणि ग्रामोद्योग आयोग २०१८ पासून विजेवरची चाकं वाटतो आहे, ते उगाच नाही.

संक्रांतीच्या आधी पुण्याच्या कुंभारवेशीत सुगडं आणायला जाल, तेव्हा मडकंही हातात घेऊन बघा. चाकावरून दोऱ्याने कापून उतरतं ते जाडजूड, अर्धवट. पोट नंतर येतं : आतून गुंडा धरायचा, बाहेरून थापटण्याने ठोकत जायचं. थापटणं चाकाच्या खोक्यात मिळत नाही. तेरच्या गोरोबाकाकांनी याच थापटण्याने संतांची डोकी वाजवून पाहिली आणि नामदेवांना कच्चं ठरवलं, अशी कथा आहे. तुमच्या क्वालिटीवाल्यांकडे असा गेज नाही, आणि मुलाच्या पहिल्या वाटीवर तो चालवूही नका.

भाजायचं कुठे, हे मात्र चाक घेण्याआधी ठरवा. घरच्या ओव्हनचा उपयोग नाही : तो अडीचशे अंशांवर दमतो, आणि माती पक्की व्हायला आठ-नऊशे लागतात. कंपनीतली हीट ट्रीटमेंटची भट्टी तेवढी तापते, हे खरं. पण सुपरवायझरला गाठण्याआधी वाटी आठवडाभर सावलीत वाळू द्या. पोटात ओल राहिली तर ती भट्टीत फुटते, आणि रिजेक्शन रिपोर्टमध्ये पार्टचं नाव काय लिहायचं, ते तुमचं तुम्ही बघा.