कटऑफ आबा

जुलैत भडगावात निंदणीला मजूर मिळत नाहीत आणि कटऑफ आबा चुकवता येत नाहीत. आबा हा एकच माणूस नव्हे. ते खताच्या दुकानात असतात, स्टँडसमोरच्या टपरीवर असतात, दशक्रियेच्या मंडपातही असतात. इंजिनिअरिंगच्या कॅप राऊंडची यादी लागली की ‘राम राम’ बंद होतो.

“नंबर कोठे लागना?”

त्याआधी जूनमध्ये एक फेरी झालेलीच असते. “तुना आंडोरले किती पडनात?” बाप भीतभीत म्हणतो, “अठ्ठ्याण्णव.” आबा थांबतात. “पुढचं सांग ना भाऊ.” सीईटीचं पर्सेंटाइल दशांश चिन्हानंतर सात आकड्यांपर्यंत येतं आणि आबांना सातही हवे असतात. केळीच्या मापात व्यापाऱ्याने क्विंटलमागे किलोची कट्टी लावली तरी हूं की चूं न करणारा हा माणूस इथे सातव्या आकड्यावर अडून बसतो.

एका आजीने नातवाला ९३ पडले म्हणून गल्लीभर पेढे वाटले. आबांनी पेढा तोंडात टाकला आणि समजावलं, “काकू, हे मार्क नव्हेत. शंभरात सात पोरं याच्या पुढे. लाखात सात हजार!” आजीचा चेहरा पडला. आबांनी दुसरा पेढा उचलला.

मोबाइलमध्ये गेल्या वर्षीची कटऑफ यादी कायम उघडी. शेतकी अधिकाऱ्याला कळणार नाहीत अशी अक्षरं ते घडाघडा वाचतात : सुरुवातीला जी म्हणजे जनरल, एल म्हणजे लेडीज; शेवटी एस असेल तर राज्यभरासाठी, एच असेल तर होम युनिव्हर्सिटी. मधल्या अक्षरांपाशी मात्र आवाज खाली येतो. “कोणत्या कॅटेगरीतून?” उत्तर मिळालं की म्हणतात, “हां, मंग बराबर शे.” एवढ्यात पोराची दोन वर्षांची जागरणं निकालात निघतात. आबांच्या बाकी सगळ्यावर मी हसतो, याच्यावर नाही. मुलगी असेल तर मार्कही विचारत नाहीत : “पुण्याला कशाला? जळगावला गव्हर्नमेंट कॉलेज आहे की!” हेच आबा पोरांना जळगाव सुचवत नाहीत.

त्यांचा आवडता वाद एकच. सीओईपीचं सिव्हिल घ्यावं की पीआयसीटीचं कॉम्प्युटर? दोन्ही पुण्यातच, पण या प्रश्नावर टपरीवरचे सख्खे साडू आठवडाभर बोलत नाहीत. गेल्या वर्षी एका पोराला सीओईपीत सिव्हिल लागलं. १८५४ साली सुरू झालेलं, २०२२ पासून स्वतंत्र विद्यापीठ असलेलं कॉलेज. बापाला वाटलं, आता तरी आबा शाबासकी देतील. आबांनी खांद्यावर हात ठेवला, माणूस गेल्यावर ठेवतात तसा. “कॉम्प्युटर नही भेटनं का?”

कोपऱ्यातल्या मास्तरांना राहवलं नाही. ते म्हणाले, “आबा, विश्वेश्वरय्या त्याच कॉलेजातून सिव्हिल शिकले. नोकरीच्या सुरुवातीला आपल्या खानदेशातच होते. पांझरा नदीतून पाइपांचा सायफन काढून त्यांनी पाणी नेलं.”

आबांनी बशीतला चहा संपवला. “त्या टाइमले कॉम्प्युटर ब्रांच नव्हती, मास्तर.”

यावर मास्तरांकडे उत्तर नव्हतं. कोणाकडेच नसतं.

आबांचा स्वतःचा पोरगा काय करतो, असं विचाराल. तो नऊ वर्षांपूर्वी इंजिनिअर झाला, हिंजवडीत नोकरी करतो, त्याला एक मुलगीही आहे. आबा अजून त्याची ओळख अशीच करून देतात : “दुसऱ्या राऊंडला लागला होता. पहिल्यात पॉइंट झिरो चारने हुकला.” सुनेला हा आकडा लग्नाआधीच कळला होता म्हणतात.

तेव्हा घरात यंदा बारावीचं पोर असेल तर एक करा. ऑप्शन फॉर्म आबांना दाखवण्याआधी पोरासोबत बसून भरा, आणि त्याला खरोखर हवं तेच कॉलेज, हवी तीच ब्रांच पहिल्या क्रमांकावर टाका. पहिल्या राऊंडला पहिला पर्याय मिळाला की तो आपोआप फ्रीझ होतो, आणि मग आबांच्या ओळखीचं तिथे काही चालत नाही.